भोंग्याचा बसलेला घसा

बसस्थानकातल्या उद्घोषकाला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट एखाद्या नव्या कंडक्टरने अदबीने नावाने हाक मारली, तर हाच मागे वळून कुणाला बोलावतायत ते बघायचा. सव्वीस वर्षं तो काचेच्या त्या खोलीत बसून गाड्या पुकारत होता. बसून म्हणणंही खोटंच, कारण या माणसाचं बूड खुर्चीला कधी टेकलं नाही. माइकची तार जाईल तिथपर्यंत येरझारा घालत पुकारायचा, आणि दोन गाड्यांच्या मधे खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून सिगरेट ओढायचा. गाडी फलाटाला लागली की जळती सिगरेट खिडकीच्या चौकटीवर ठेवून परत माइकपाशी. दिवसाकाठी अशा किती व्हायच्या, हे त्याने कधी मोजलं नाही आणि बायकोने मोजलं तर तिच्यावर खेकसायचा.

आवाज मात्र असा, की बाकावर गाढ झोपलेला माणूस आपल्या गावाचं नाव आलं की खाडकन उठून पिशवी उचले. ज्यांना पाट्या वाचता येत नाहीत, ज्यांचा चष्मा घरी राहिलाय, ज्यांच्या कडेवर पोर आणि दोन्ही हातांत सामान आहे, अशांची सगळी भिस्त त्या आवाजावर. हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्याला भलताच गर्व होता. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी त्याला आठ दिवस रजा घ्यावी लागली, तर बदली माणूस आपल्या गाड्यांची वाट लावील या भीतीने त्याने दिवसभराच्या त्रेचाळीस गाड्या आपल्याच आवाजात मोबाइलवर भरून ठेवल्या होत्या. बदली माणसाने फक्त वेळ बघून बटण दाबायचं आणि मोबाइल माइकपुढे धरायचा. रजेवरून परत आला तेव्हा कुणाला तो गेल्याचं कळलंही नव्हतं, आणि त्याचा त्याला आनंद झाला की राग आला, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नाही.

घरी हाच माणूस मुका. बायको एका छापखान्यात पुस्तकांना शिवण घालायची. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायला बसली की ती चार गोष्टी सांगे आणि हा मान हलवी. बोलायचा तो फक्त मुलीशी. मुलगी लांबच्या शहरात बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. रोज चार वाजता, चहाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा. चारला स्थानकही जरा निवांत असायचं. दहा मिनिटांत बापलेक एकमेकांची इतकी टिंगल करून घ्यायची, की पुढल्या दिवसापर्यंत पुरावी.

तर या माणसाचा घसा उन्हाळ्याच्या तोंडाशी बसला.

धूळ आहे म्हणून त्याने पहिले पंधरा दिवस मिठाच्या गुळण्या केल्या. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने बॅटरी मारून आ करायला लावलं, खोकल्याचं औषध लिहून दिलं आणि आठ दिवस आवाजाला विश्रांती द्या म्हणून सांगितलं. बॅटरीच्या उजेडात जे दिसतं ते दिसलं. जे त्याच्या खाली होतं, ते बॅटरीला दिसण्यासारखं नव्हतंच. पण भोंग्याच्या डोक्यात एकच शब्द राहिला, विश्रांती. आणि त्याला मोबाइलवरच्या त्रेचाळीस गाड्या आठवल्या.

दुसऱ्या दिवसापासून गाड्या मोबाइल पुकारू लागला. हा काचेच्या खोलीत येरझारा घालायचा, वेळ झाली की बटण दाबायचा आणि स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायचा. डॉक्टरने आठ दिवस सांगितले होते, याने चार महिने विश्रांती दिली. दर आठ दिवसांनी माइक हातात घेऊन बघायचा, आवाज फाटकाच निघाला की परत मोबाइल. सगळ्यात वाईट गोष्ट ही, की दिवसभर स्थानकात घुमणारा आपलाच ठणठणीत आवाज ऐकून त्याला खरंच वाटू लागलं होतं की आपला आवाज ठीक आहे. घसा दुखत नव्हता. जेवण जात होतं. सिगरेटही ओढता येत होती. मुलीचा फोन आला की घसा बसलाय एवढं घोगऱ्या आवाजात सांगून तो फोन बायकोला लावायला सांगायचा. मुलगी म्हणायची, बाबा, तुम्ही भोंगा आहात की फाटका भोपू? त्याला हसू यायचं, पण हसण्याचाही आवाज निघत नसे.

मग तिसऱ्या फलाटापुढे गटाराचं काम निघालं. खणलं, दोऱ्या बांधल्या, आणि तिथल्या गाड्या त्या दिवसापुरत्या पाचव्या फलाटावर हलवल्या. भोंग्याला सकाळी तसा कागद मिळाला होता. त्याने तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि साडेदहाच्या गाडीला सवयीने बटण दाबलं. मोबाइलने आपल्या खणखणीत सुरात सगळ्यांना तिसऱ्या फलाटावर बोलावलं. पन्नासेक माणसं सामानासकट खड्ड्याकडे पळाली. चूक लक्षात येताच त्याने मोबाइल बंद केला, माइक ओढला आणि पाचवा फलाट, पाचवा फलाट असं ओरडायला गेला. कर्ण्यातून नुसती खरखर बाहेर पडली. लोकांनी वर बघितलं, मशीन बिघडलं असं एकमेकांना सांगितलं आणि ते खड्ड्याशी उभे राहिले. पाचव्या फलाटावरून गाडी अकरा माणसं घेऊन वेळेवर सुटली.

आगारप्रमुख जिना चढून आले तेव्हा त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. मोबाइल माइकपुढे टेकवलेला होता. त्यांना वाटलं, हा कामावर झोपा काढतो. त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि भोंगा गप्पच. ते आणखी चिडले.

"बोला की. एरवी गावाला ऐकू जाईल असं बोलता."

त्याने तोंड उघडलं. जे बाहेर आलं ते ऐकून आगारप्रमुख खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"किती दिवस झाले?"

त्याने चार बोटं दाखवली.

"चार दिवस?"

त्याने नकाराची मान हलवली.

"आठवडे?"

"महिने," तो म्हणाला. हा शब्द कर्ण्यातून बाहेरही ऐकू गेला, कारण माइक चालूच होता. पण खाली कुणाला तो कळला नसणार.

तिथून जी वणवण सुरू झाली, ती ऐकणाऱ्यालाही धाप लावील अशी. तालुक्याच्या दवाखान्यात घशाचा डॉक्टर फक्त बुधवारी यायचा. पहिल्या बुधवारी तो आला नाही. दुसऱ्या बुधवारी आला, पण नाकातून घालून घशात बघायची दुर्बीण दुरुस्तीला गेली होती. तिसऱ्या बुधवारी त्याने दुर्बिणीची वाट न बघता जिल्ह्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे आत बघितलं, तुकडा काढला, आणि तुकड्याचा अहवाल यायला सतरा दिवस लागले. एकदा अहवाल आला, पण दुसऱ्याच माणसाचा. भोंग्याच्या तर नाकी नऊ आले. गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर तीनदा माफी मागणारा माणूस हा, आणि इथे त्याला कुणी साधं सांगायला तयार नव्हतं की तुमची गाडी कधी आहे, आहे की नाही. त्याला रात्री झोप लागेना आणि दिवसा एका जागी उभं राहवेना.

शेवटी पाच तासांवरच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात. बायको सोबत होती, तिच्या हातात कागदांची पिशवी. तिने सगळे कागद छापखान्यातल्या जाड दोऱ्याने शिवून टाकले होते, म्हणजे एकही गळायला नको. नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस ते शिवलेलं पुस्तक बघून हसला आणि मग झेरॉक्ससाठी ते उसवावं लागलं तेव्हा बायको त्याच्यावर जी बरसली, ती भोंग्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली.

लांब बोळ, बोळाला दारं, प्रत्येक दारापुढे बाकं. बायको बसली. हा बसेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडून त्याने अर्ध्या तासात कुठल्या दारापुढे कुठला आजार ते लावून टाकलं. पहिल्या दारापुढे स्तनाचा. त्याच्या शेजारी तोंडाचा आणि घशाचा, तिथे सगळ्यात जास्त पुरुष. पलीकडे गर्भाशयाच्या तोंडाचा, कोपऱ्यात फुप्फुसाचा, आणि पोटाआतड्यांचा एक. त्याच्या इतक्या महिन्यांच्या गप्पपणाचा जणू बांध फुटला आणि तो कुजबुजत्या आवाजात ज्याला त्याला विचारत सुटला. एक शाळेतल्या बाई होत्या. आंघोळ करताना गाठ हाताला लागली, दुखत नव्हती म्हणून परीक्षा संपेपर्यंत थांबल्या, मग सुट्टी संपेपर्यंत. एका ट्रकवाल्याच्या गालाला आतून पांढरा चट्टा होता, मग तिथे जखम झाली. दात लागतो म्हणून त्याने दात काढून घेतला, जखम काही भरली नाही, आणि आता दोन बोटंही तोंडात जात नव्हती. एका म्हातारीची पाळी जाऊन बारा वर्षं झालेली, तिला परत अंगावरून जायला लागलं. मुलाला कुठल्या तोंडाने सांगायचं म्हणून ती वर्षभर गप्प राहिली. तिथली नर्स म्हणाली, या आजीचा जो आजार आहे तो व्हायच्या आधीच एका साध्या तपासणीत कळतो, दोन मिनिटांचं काम. आजीने विचारलं, मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही? नर्सने पुढच्या बाईचे कागद हातात घेतले.

दुखत नव्हतं. जो तो हेच सांगत होता. भोंग्याला वाटायचं, एवढा मोठा आजार असेल तर तो दुखेल तरी. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं.

नंबर पुकारणारा कारकून तोंडातल्या तोंडात पुकारायचा. ट्रकवाल्याचा नंबर दोनदा गेला आणि त्याला ऐकूच आला नाही. भोंग्याचा जळफळाट झाला. मोठ्याने पुकारता तर येत नव्हतं, म्हणून तो कारकुनाच्या टेबलापाशी उभा राहून त्याच्या यादीत डोकावू लागला आणि ज्याचा नंबर आला त्याला बोळातून दंडाला धरून दारापर्यंत आणून सोडू लागला. कारकुनाने आधी हटकलं, मग सोडून दिलं. सोळा माणसं पोचवल्यावर सतरावा नंबर त्याचा स्वतःचा निघाला.

डॉक्टरीण तरुण होती, पण घाईत नव्हती. तिने कागदावर घशाचं चित्र काढलं. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर आत दुर्बिणीने बघायलाच हवं, ती म्हणाली, सिगरेट ओढणाऱ्याने तर नक्कीच. सुरुवातीला हा कॅन्सर स्वरयंत्राच्या पट्टीवर ठिपक्याएवढा असतो. तेव्हा नुसत्या किरणांनी जातो, आणि आवाजही बहुतेक राहतो. मग तिने चित्रातल्या पट्टीवरून पेन्सिल बाहेर कूर्चेपर्यंत, म्हणजे घशाच्या मऊ हाडापर्यंत नेली. आता तो इथे आलाय. इथे आल्यावर किरणांवर भरवसा ठेवता येत नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. मानेला पुढून भोक राहील, श्वास तिथूनच. नंतर किरणं द्यायची. पुढे बोलायच्या वेगळ्या तऱ्हा आहेत, शिकवणारी बाई आहे, पण हा आवाज परत यायचा नाही.

बायकोने विचारलं, लवकर आलो असतो तर? डॉक्टरणीने कागदांवरच्या तारखा बोटाने मोजल्या.

"त्यांचे चार महिने आणि आमचे दोन," ती म्हणाली. "दोन्ही वाया गेले."

ऑपरेशनची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. शुक्रवारपर्यंत फोन करून येतो म्हणून कळवायचं, नाही कळवलं तर ती तारीख दुसऱ्याला जाईल आणि पुढची पाच आठवड्यांनी. पाच आठवडे थांबायला नको, हे डॉक्टरणीने दोनदा बजावलं.

भोंगा घरी आला आणि त्याचं डोकं फिरलं. तो रोज स्थानकावर जायचा, काम नसताना. फलाटांवरून चालत राहायचा. वर बदली माणूस गाड्या पुकारायचा, गावांची नावं एकात एक मिसळून. म्हातारी माणसं कान टवकारून बघायची आणि शेजाऱ्याला विचारायची, कुठली म्हणाला? भोंग्याला वाटे, आवाज गेला तर आपण या जगात करायचं तरी काय? किरणांचंच बघावं. नाहीतर काहीच करू नये, जितके दिवस खरखर चालतेय तितके दिवस चालू द्यावी. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण गुरुवारी बायको छापखान्यातून आली ती थेट त्याच्यापुढे उभी राहिली. तारखेचा कागद तिला त्याच्या शर्टाच्या खिशात सापडला होता, चुरगाळलेला.

"सव्वीस वर्षं तुमचा आवाज गावाने ऐकला. माझ्या वाट्याला कधी आला?" ती म्हणाली. "तो गेला तर गावाचं नुकसान. तुम्ही गेलात तर माझं."

तो घरातून बाहेर पडला. दोन तासांनी परत आला. पाकिटातली उरलेली सिगरेट त्याने कुठे टाकली ते बायकोने विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी बायकोने रुग्णालयात फोन लावला. पलीकडचा कारकून म्हणाला, पेशंट स्वतः तयार आहे का, त्यालाच बोलू द्या. बायको म्हणाली, त्यांना बोलता येत नाही, म्हणूनच तर ऑपरेशन आहे. कारकून म्हणाला, नियम आहे. तिने फोन नवऱ्याच्या तोंडाशी धरला.

"हो," भोंगा म्हणाला.

ऐकू आलं नाही, परत सांगा.

"हो."

जरा मोठ्याने.

त्याने भिंतीला हात टेकला, छाती भरून श्वास घेतला आणि गळ्याच्या शिरा ताणून तिसऱ्यांदा हो म्हणाला. शेजारच्या घरातलं कुणीतरी दार उघडून बघून गेलं. तारीख पक्की झाली. त्यानंतर त्याने ऑपरेशनच्या दिवसापर्यंत एक शब्दही काढला नाही. मुलीला काही सांगायचं नाही, सगळं पार पडल्यावर सांगायचं, हे त्याने बायकोकडून खुणेनेच कबूल करून घेतलं होतं.

ऑपरेशन सहा तास चाललं. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी हात गळ्याकडे नेला, नर्सने तो बाजूला केला. तिसऱ्या दिवशी त्याला पाटी आणि खडू मिळाला. पहिलं वाक्य त्याने काय लिहिलं असेल? ऑपरेशनला किती वेळ लागला. बायकोने सांगितल्यावर त्याने लिहिलं, गाडी उशिरा सुटली. ती हसली आणि मग बोळात जाऊन रडून आली.

त्याच दिवशी तिने मुलीला फोन करून सगळं सांगितलं. मुलगी आधी आईवर भडकली, मग तिने लगेच रजा मागितली. रविवारपासून रजा मिळाली. तोवर ती रोज चार वाजता फोन करत राहिली. आई फोन त्याच्यापुढे करायची आणि तो तोंड फिरवायचा. आईने आग्रह केला तर पाटीवर लिहायचा, काय बोलू? दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, पायाची बोटं सारखी हलवत. उठायला बंदी होती, नाहीतर वॉर्डात चकरा मारल्या असत्या.

शनिवारी चारला फोन वाजला तेव्हा बायकोने त्याला विचारलंच नाही. स्पीकर चालू करून फोन उशीवर ठेवला.

मुलीने आधी आईला विचारलं, ते ऐकतायत का? आई म्हणाली, ऐकतायत, पण तुझ्याकडे पाठ आहे. मुलगी म्हणाली, असू दे. मागे मशिनं बंद होती, कुणीतरी कप आपटत होतं.

"बाबा, बोलू नका. मला बोलायचंच नाहीय," ती म्हणाली. "नुसता फोन गळ्याजवळ धरा. आईला धरू दे."

बायकोने फोन उचलून त्याच्या मानेपुढे, त्या छोट्या नळीच्या जवळ नेला. तिला वाटलं तो हाताने झटकणार. त्याने झटकला नाही. तो उताणा झाला आणि वर छताकडे बघत राहिला. छाती वर जात होती, खाली येत होती, आणि दर खेपेला त्या नळीतून वारा आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा घुसघुस आवाज येत होता. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. फोन कट झाला असं बायकोला वाटलं, म्हणून ती तो मागे घेऊ लागली.

"ऐकू येतंय, बाबा," मुलगी म्हणाली. "अजून थोडा वेळ धरा."

भोंग्याने बायकोच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः धरून ठेवला.